मोठ्या ल्यूरचा हिशोब: या हिवाळ्यात काय आलं, काय गेलं

ऑक्टोबरात ठरवलं होतं की या हिवाळ्यात बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गरवायचा तो मोठ्या ल्यूरनेच, म्हणजे मोठ्या नकली माशानेच, आणि त्यासाठी खिशातून नवा डॉलर काढायचा नाही. जे लागेल ते घरात पडून असलेल्या सामानाच्या बदल्यात, नाहीतर ते विकून आलेल्या पैशातून. आता एप्रिल उजाडला. सॅक्रामेंटोच्या आसपासचं पाणी तापायला लागलंय, ट्राउटचा हंगाम ओसरतोय, म्हणून हिशोब मांडतो. अदलाबदल करायच्या विचारात जे आहेत त्यांनी रॉडचा भाग जरा सावकाश वाचावा. पैसे वाया जातात ते तिथेच.

आधी आकाराबद्दल, कारण कोकणात जिताड्याला ल्यूर टाकणारे माझे मित्र आठ-दहा इंचांचा नकली मासा पाहून हसतात. त्यांचं पाच-सहा इंचांत भागतं. कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी आहे. १९५९ मध्ये सॅन डिएगोच्या अप्पर ओटाय तलावात फ्लोरिडा जातीचा बास आणून सोडला. तिथून तो राज्यभर पसरला. हा मूळचाच मोठा वाढणारा. त्यात इथल्या तलावांत हिवाळ्यात हौशी लोकांसाठी दहा-बारा इंची ट्राउट ट्रक भरभरून सोडतात. मऊ, चरबीदार आणि टाकीत वाढल्यामुळे शत्रूची ओळख नसलेला मासा. बासला याहून सोपं जेवण मिळणार नाही. लॉस एंजेलिसच्या वरच्या कॅस्टेक तलावात मार्च १९९१ मध्ये बॉब क्रुपीने २२ पौंडांचा बास काढला, तो याच खुराकावरच्या काळातला. ट्राउटएवढी ल्यूर टाकायची पद्धत त्या पट्ट्यातच रुजली. एसी प्लग ही लाकडी ल्यूर तिथलीच.

गंमत म्हणजे जागतिक विक्रमाचे दोन्ही मासे असल्या ल्यूरचे नाहीतच. जॉर्ज पेरीचा १९३२ चा २२ पौंड ४ औंसांचा मासा जॉर्जियातला. त्याच्याशी बरोबरी करणारा मानाबू कुरिताचा २००९ चा मासा जपानच्या बिवा सरोवरातला, आणि तो जिवंत ब्लूगिलवर, म्हणजे छोट्या माशाच्या आमिषावर, लागलेला. म्हणजे मोठी ल्यूर टाकली की विक्रम होतो असं काही नाही. ती टाकली की लहान मासे बाजूला राहतात आणि दिवसच्या दिवस रिकामे जातात. हे आधी कबूल असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

तर रॉड.

माझ्याकडे जिग (जड डोक्याचा एकेरी गळ) आणि बेडकाच्या आकाराच्या ल्यूरसाठी घेतलेले दोन ताठ रॉड होते, सात फूट सहा इंचांच्या आसपासचे. त्यांच्यावर गॅन क्राफ्टची जॉइंटेड क्लॉ १७८ ही ल्यूर मजेत चालत होती. १७८ मिलिमीटर लांब, वजन साधारण दोन औंस. नव्याने सुरू करणाऱ्याला मी आजही हेच सांगेन: आहे त्या जाड रॉडवर दोन औंसांपर्यंतची ग्लाइड, म्हणजे डावी-उजवीकडे सरकत येणारी सांध्याची ल्यूर, बांधा आणि एक हंगाम तीच टाका. त्यात हात बसला नाही, तर पुढचा खर्च वाचला.

माझी गाडी अडली ती डेप्सच्या स्लाइड स्विमर २५० या ग्लाइडवर. हे पाच पॉइंट आठ औंसांचं धूड, म्हणजे क्रिकेटच्या सीझन बॉलपेक्षा किंचित जडच. दोन औंसांच्या रॉडवरून ते फेकायचं म्हणजे टोक मोडायला आमंत्रण. रॉडवर छापलेली वजनाची मर्यादा शब्दशः घेऊ नका. वरचा आकडा आठ औंस असेल तर दिवसभर सुखाने फेकता येतं ते साडेपाच-सहापर्यंत. मर्यादेला चिकटून फेकलं तर रॉड एकवेळ टिकेल, खांदा टिकणार नाही.

पण वजनापेक्षाही वाक महत्त्वाचा. स्टॉकटनला मूळचे मालवणचे एक काका आहेत, मोठ्या ल्यूरवर त्यांची वर्षं गेली. त्यांना मी एक आठ फुटी रॉड दाखवला, सौदा जवळपास ठरलेला. त्यांनी टोक गॅरेजच्या छताला टेकवून हळूच दाबलं आणि म्हणाले, "हा जिगचा रॉड आहे रे बाबा. नुसता लांब केलाय. ट्रेबलला नाही चालायचा."

कारण सांगतो. ग्लाइडला दोन ट्रेबल गळ असतात, तीन टोकांचे, पातळ तारेचे. मासा पाच-सहा औंसांचं वजन तोंडात घेऊन डोकं झटकतो, तेव्हा तेच वजन गळाला तरफेसारखं उचकटतं. रॉड ताठ असेल तर त्या झटक्यात लाइन क्षणभर ढिली पडते आणि ल्यूर भिरकावली जाते. वरचा तिसरा हिस्सा, आणि मोठ्या ग्लाइडला जवळपास अर्धा रॉड, वाकायला हवा. याच्या उलट हडल्स्टनची आठ इंची मऊ ट्राउट. तिच्या पाठीतला जाड गळ रोवायला मागे दणकट ताकद लागते. एकच रॉड दोन्ही कामं करतो म्हणणाऱ्याचं ऐकून घ्यावं, पण रॉड घेऊ नये.

शेवटी डॉबिन्सचा एक वापरलेला रॉड मिळाला. ही कंपनी मूळची इथलीच, युबा सिटीची. त्यांच्या आकड्यांची पद्धत मला आवडते: ७९५ म्हणजे सात फूट नऊ इंच, ताकद ५, ८०६ म्हणजे आठ फूट, ताकद ६. जाहिरातीतली विशेषणं वाचायची गरजच उरत नाही. माझे दोन्ही जिगचे रॉड आणि वर एक लहान रील दिलं, हा एक घेतला. दोनास एक हे ऐकायला महाग वाटतं. पण ते दोन भिंतीला टेकून होते आणि हा रोज हातात आहे.

सौदा लोडायच्या पेट्रोल पंपावर समोरासमोर झाला, आणि रॉडच्या बाबतीत माझा आग्रह तोच असतो. आठ फूट म्हणजे ९६ इंच. त्यावर प्लास्टिकची नळी आणि झाकणं धरली की कुरिअरवाले लांबीचा वेगळा दंड लावतात. कधीकधी पाठवणावळ रॉडच्या निम्म्या किमतीला जाते. शिवाय समोरासमोर एक तपासणी होते. सोबत कापसाचा बोळा ठेवा. रॉडवर लाइन ज्यातून जाते त्या प्रत्येक कड्याच्या आतून तो फिरवा. चिनी मातीच्या आवरणाला केसाएवढी चीर असली तरी तंतू अडकतो, आणि तीच चीर पुढे तुमची लाइन कापते. टोकाचं कडं दोनदा तपासा.

रीलबद्दल लोक सर्वांत जास्त बोलतात आणि माझ्या मते फरक सर्वांत कमी पडतो. शिमानोचं ट्रँक्स ४००, डायवाचं लेक्सा किंवा टॅटुला ३००, जुनं गोल कॅलकटा, अगदी आबूचं अँबॅसडर ६५००, यातलं कोणतंही धडधाकट असेल तर काम होतं. लागतं काय, तर रुंद स्पूल (लाइन गुंडाळायचं रीळ), मजबूत दातचक्रं आणि लांब हँडल. लहान रीलवर २५ पौंडांची लाइन जेमतेम मावते. दोन-चार लांब कास्टनंतर स्पूल अर्धा रिकामा, आणि रिकाम्या स्पूलवर फेरा लहान होतो.

गिअरच्या आकड्याचा अर्थ मात्र समजून घ्या: हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती वेढे घेतो तो आकडा. ४३ मिलिमीटर व्यासाचा भरलेला स्पूल धरला तर एका वेढ्यात साधारण साडेतेरा सेंटिमीटर लाइन. म्हणजे ५.८ च्या गिअरला हँडलच्या एका फेऱ्यात ७८ सेंटिमीटर, आणि ७.६ ला एक मीटरच्या किंचित वर. ग्लाइडला हँडलचा पाव-अर्धा फेरा मारून थांबायचं असतं. ल्यूर आडवी सरकते, लाइन ढिली पडते आणि त्याच वेळी मासा घेतो. ती ढील पटकन गोळा करायला मला जलद गिअर हवा. हडल्स्टन तळाजवळून सावकाश ओढायची तर ५.८ बरा. हात आपोआप हळू राहतो. माझ्याकडे ५.८ चं ट्रँक्स होतं. फ्रिमाँटच्या एका मित्राकडे ७.६ चं होतं आणि त्याला संथ हवं होतं. सरळ अदलाबदल, वर एक रुपयाही दिला नाही, एक रुपयाही मागितला नाही. असे सौदे वर्षाकाठी एखादाच घडतात.

वापरलेलं रील बघताना हँडल अगदी हळू फिरवा आणि कान जवळ न्या. जलद फिरवलं की खराब बेअरिंगही गोड वाटतं. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, लाइन हाताने ओढून बघा. सुरुवातीला अडकून मग सुटत असेल तर आतल्या चकत्या बदलाव्या लागतील. खर्च किरकोळ, पण भाव पाडायला कामी येतो.

आता ल्यूर. इथे माझ्याकडून तीन गेल्या, दोन आल्या. जपानी ग्लाइडची किंमत फारशी उतरत नाही. थोड्याच संख्येत निघालेले रंग तर मूळ भावाच्या वर जातात. त्यामुळे न टाकलेल्या, डबीतल्या ल्यूर नाण्यासारख्या फिरत राहतात आणि पाण्यात कधीच जात नाहीत. मला त्या खेळात रस नाही. मी ओरखडे पडलेल्याच मागतो. गळांनी खरवडलेल्या पोटाची ल्यूर वीस-तीस टक्के खाली मिळते आणि बासला त्याचं काही नाही. बघायचं ते वेगळं: प्लास्टिकची असेल तर कानाशी हलवा, आत पाणी शिरलंय का ते कळतं. लाकडी असेल तर सांध्याजवळ आणि गळाच्या कड्यांच्या बुडाशी लेपाला भेग आहे का पाहा. लाकडाने पाणी पिलं की ल्यूर फुगते, वजन बदलतं आणि चाल कायमची जाते. टपालाने घेत असाल तर विकणाऱ्याचं नाव नि तारीख लिहिलेली चिठ्ठी ल्यूरशेजारी ठेवून काढलेला फोटो मागा. पैसे परत मिळण्याची सोय असलेल्या मार्गानेच द्या. मोठ्या नावांच्या नकला बाजारात भरपूर आहेत.

घरी आली की पहिली आंघोळ टबमध्ये. हळू बुडणारी ग्लाइड थंड पाण्यात वेगळी वागते. २५ अंशांच्या पाण्यापेक्षा १० अंशांचं पाणी थोडं घट्ट असतं. १६५ ग्रॅमच्या ल्यूरला तो फरक जवळपास अर्ध्या ग्रॅमचा पडतो. उन्हाळ्यात सावकाश बुडणारी ल्यूर जानेवारीत अधांतरी लटकते. माझी तशीच लटकत होती. पोटाला शिशाची चिकटपट्टी थोडी थोडी लावत गेलो, मग बरोबर बसली. हडल्स्टनचा एक फायदा हा की बुडण्याचा वेग तिच्यावर लिहूनच येतो: आरओएफ ५ म्हणजे दहा सेकंदांत पाच फूट, तसंच १२ आणि १६.

पाण्यावरचं थोडक्यात. लाइन म्हणून २५ पौंडांची साधी नायलॉन ठेवली. ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, ताणली जात नाही, आणि जड ल्यूर फेकताना स्पूल जरा अडलं की लाइन तुटते आणि एवढी महागडी वस्तू तळ्याच्या मध्यावर एकटीच उडत जाते. कास्ट झटक्याने करायचा नाही, रॉड मागे भरू द्यायचा आणि ल्यूर लोटायची. डिसेंबर कोरडा गेला. मागे येऊन काठाशी परत फिरणारे मासे दिसले तेवढेच, पण ग्लाइडचा निम्मा उपयोग तोच. मासा कुठे बसलाय हे ती दाखवते. जानेवारीअखेर लेक अमाडोरला ट्राउट सोडल्यानंतर दोनच दिवसांनी बांधाच्या कोपऱ्यात एक लागला, सात पौंडांना जरा कमी. काट्यावर तोलला, फोटो काढला, सोडला. रॉड मुठीपर्यंत वाकला होता आणि दोन्ही ट्रेबल जागच्या जागी होते. काकांना फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "रॉड चांगला आहे."

घरी फोन केला की आईचा प्रश्न ठरलेला: कालवण केलंस का? नाही. सोन्याच्या खाणींच्या काळातला पारा इथल्या पाण्यात अजून आहे, आणि मोठ्या, म्हाताऱ्या बासमध्ये तो साठतो. राज्याच्या सूचना तलावागणिक वेगळ्या आहेत, वाचून घ्या. तसंही एवढा मासा तयार व्हायला कित्येक वर्षं लागतात.

होडीवाल्यांसाठी एक गोष्ट. २०२४ च्या ऑक्टोबरात सॅक्रामेंटो-सॅन वाकीन नद्यांच्या डेल्टात सोनेरी शिंपला (बाहेरून आलेली, झपाट्याने पसरणारी जात) सापडल्यापासून बऱ्याच तलावांवर होडीची तपासणी नि सील सुरू झालंय, काही ठिकाणी ठरावीक दिवस कोरडं ठेवणंही. एका तळ्यावरून दुसऱ्यावर जाणं पूर्वीसारखं राहिलं नाही. मी काठावरूनच टाकतो, मला फरक पडला नाही, पण निघण्याआधी चौकशी करा.

सध्या देण्यासारखं: जॉइंटेड क्लॉ १७८, तरंगती, पोटाला ओरखडे, सांधे घट्ट, आणि २०० आकाराचं उजव्या हाताचं रील, ड्रॅगच्या चकत्या नुकत्याच बदललेल्या. हवं आहे: हडल्स्टन आठ इंची, आरओएफ १२, शेपूट डबीत दुमडून वाकडी झालेली नसावी. आणि सात नऊ ते आठ फुटांचा, पाठीत ताकद असलेला रॉड. रॉड असेल तर सॅक्रामेंटो ते स्टॉकटनच्या दरम्यान कुठेही भेटू. कापसाचा बोळा मी आणतो.