झाकली मूठ

सायकलच्या हँडलची डावी मूठ ढिली झाली आहे, हे मला निदान चार महिने माहीत होतं. चालवता चालवता ती बाहेर सरकायची आणि मी तळहाताच्या कडेने तिला परत आत लोटायचो. ब्रेक तुटला असता तर त्याच दिवशी दुरुस्त केला असता. पण ढिल्या मुठीने सायकल चालते, वळते, थांबतेही. मग कशाला हात घाला? घसरणारा चष्मा माणूस दिवसभर वर करत राहतो, तसंच हे.

एकदा भर पावसात, चढावर उभं राहून पेडल मारताना, ती सबंध हातात आली. हँडल गर्रकन उजवीकडे वळलं. पाय टेकला म्हणून वाचलो. हातात ओल्या रबराची नळी घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहिलेला माणूस फार शहाणा दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची का, ते तेव्हा समोर दिसत होतं: तांबूस गंज, काळा चिकट लगदा आणि नळीची धारदार कड. उघड्या नळीवर माणूस पडला तर ती अंगात सरळ रुतू शकते. मुठीचं टोक बंद असतं ते काही शोभेसाठी नाही.

गंमत म्हणजे साध्या मुठीला धरून ठेवणारं काही नसतंच. ना स्क्रू, ना खाच. सरळ हँडलची नळी मूठ बसते तिथे बहुधा २२.२ मिलिमीटर जाडीची, म्हणजे ७/८ इंच. मुठीचं भोक त्याहून किंचित लहान. ताणलेलं रबर आवळायला बघतं, तेवढ्यावर सगळा कारभार. पुढे रबराचा ताण सैलावतो, आत पाणी शिरतं, आणि मग मूठ मोटरसायकलच्या ॲक्सिलरेटरसारखी फिरायला लागते. वेग मात्र वाढत नाही.

घरी येऊन मी साबणाचं पाणी लावलं. मूठ सुळकन आत गेली. मी खूश. तिसऱ्या दिवशी ती तितक्याच सुळकन बाहेर आली. साबण आतच राहिला होता आणि ओल लागताच पुन्हा कामाला लागला होता. निदान तेल लावलं नाही, एवढी अक्कल शाबूत होती. तेल वाळत नाही, वर रबर फुगवतं.

मग आठवलं पंक्चरचं सोल्यूशन. रबर चिकटवायला याहून चांगलं काय? पॅचला करतात तसं दोन्हीकडे लावलं, नीट वाळू दिलं आणि मूठ ढकलली. ती अर्ध्यावर गेली आणि थांबली. कायमची. पुढे जाईना, मागे येईना, पिळून मनगट दुखलं तरी हलेना. चार महिने जिला जागेवर राहा म्हणून विनवत होतो, ती राहिली, पण चुकीच्या जागी. शेवटी ब्लेडने उभी चिरून काढली आणि नवी जोडी आणली.

इथवर आल्यावर कुठे डोकं चाललं. मला हवं होतं असं काहीतरी, जे दोन मिनिटं निसरडं राहील आणि नंतर चिकट होईल. ते आरशासमोरच उभं होतं: हेअरस्प्रे. त्यात केस जागेवर धरणारा चिकट पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो. ओला असेतो मूठ सरकते, अल्कोहोल उडालं की चिकटपणा मागे उरतो. ही युक्ती सायकलवेड्यांमध्ये जुनी आहे, मला उशिरा सुचली इतकंच. कॉलरला बारीक बोल्ट असलेल्या, ॲलन कीने आवळायच्या मुठीही मिळतात. पण एवढं सगळं झाल्यावर मला साध्या मुठीलाच बसवून दाखवायचं होतं.

गंज घासून काढला, नळी स्पिरिटने पुसली, मुठीच्या आत भरपूर फवारलं, थोडं नळीवर. मग न थांबता, पिळत पिळत आत. इथे विचार करायला वेळ नसतो, मध्ये थांबलात की सोल्यूशनची गोष्ट पुन्हा. शेवटी तळहाताने टोकावर एक ठोसा. आतली कोंडलेली हवा फुस्स करून बाहेर पडली, आणि खोलीला लग्नघराचा वास आला. रात्रभर सायकलला हात लावला नाही.

सकाळी डावी मूठ दोन्ही हातांनी पिळून पाहिली. नळीचाच भाग असल्यासारखी घट्ट. उजवी जुनीच ठेवली होती, तिला काय झालंय? निघालो. पहिल्या उतारावर ब्रेक दाबला, अंगाचा भार हातांवर आला, आणि उजवी मूठ किंचित फिरली. थोडीशीच. बहुधा आधीपासून फिरत असावी.

जोडीतली दुसरी खणात आहे. बघू, जमेल तेव्हा.