रीसेल फ्लॅट घेताय? आधी सोसायटीचं दप्तर बघा

सहकारी गृहनिर्माण सोसायटीतला जुना फ्लॅट घेतला की संस्थेचं सभासदत्वही येतं. त्यासोबत संस्थेची देणी, भांडणं आणि अर्धवट कागदही आलेच. हे महाराष्ट्रातल्या सोसायट्यांपुरतं.

पहिला प्रश्न: जमीन कोणाच्या नावावर आहे? शहरात मालमत्ता पत्रक, इतरत्र सात-बारा काढा. तिथे अजून बिल्डर किंवा मूळ मालकाचंच नाव असेल तर बहुधा कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावावर करणं) झालेलं नाही. मोफा (फ्लॅट मालकीबाबतचा महाराष्ट्राचा कायदा) नियमांनुसार संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत ते व्हायला हवं, पण वर्षानुवर्षं रखडतं. याचा चटका पुनर्विकासाच्या वेळी बसतो: वाढीव एफएसआयवर (जमिनीवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) जमीनमालक हक्क सांगतो. डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डरनं केलं नाही तर अधिकाऱ्याच्या आदेशानं होणारं कन्व्हेयन्स) अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे दाखल आहे का, ते विचारा. नुसतं 'प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर धरू नका; अर्जाची पोच बघा. भोगवटा प्रमाणपत्राची (ओसी, इमारतीत राहायच्या परवानगीचा दाखला) प्रतही त्याच वेळी मागा.

मग विकणाऱ्याचे कागद. बिल्डरच्या पहिल्या करारापासून आजपर्यंतची प्रत्येक खरेदी नोंदलेली हवी, मधली कडी गळालेली नको. शेअर सर्टिफिकेटच्या मागे प्रत्येक हस्तांतराची नोंद असते. ती करारांशी जुळते का बघा. जुन्या करारावर मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असेल तर फरकावर महिना 2 टक्के दंड लागतो. तो कोण भरणार, हे लिहून घ्या. मूळ कागदांऐवजी झेरॉक्स दाखवत असतील तर बहुतेक वेळा ते बँकेत गहाण असतात.

मालक वारला असेल आणि नॉमिनी विकत असेल तर थांबा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बाकी वारसांची हक्कसोडपत्रं नोंदवलेली नसतील तर व्यवहार करूच नये, असं आमचं स्पष्ट मत.

आता सोसायटीचं दप्तर. शेवटच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं विकणाऱ्याकरवी मिळवा. खरी गोष्ट इतिवृत्तातच असते: गळतीवरून भांडण, कोर्टातला दावा, लिफ्ट बदलायचा ठराव. मोठ्या दुरुस्तीचा ठराव झालेला असतो, वर्गणी मात्र तुम्ही सभासद झाल्यावर मागितली जाते. म्हणून ताब्यापूर्वीच्या ठरावांचा खर्च विकणाऱ्याकडे, असं कलम करारात घाला. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट हवं. सिंकिंग फंडाची (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) वर्गणी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के; ही रक्कम ठेवीत दिसायला हवी. मेंटेनन्स फारच कमी असेल तर खूश होऊ नका, बहुतेकदा हा फंडच गोळा होत नसतो.

पार्किंग: स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली जागा) किंवा मोकळी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये सांगितलं आहे. 'फ्लॅटबरोबर पार्किंग' म्हणणाऱ्याकडे सोसायटीचं वाटपपत्र मागा, आणि ते पार्किंग नव्या सभासदाला मिळतं का हे सचिवांकडून लेखी घ्या.

थकबाकी नसल्याचा दाखला टोकनआधी घ्या. हस्तांतर प्रीमियम (फ्लॅट नव्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) महापालिका हद्दीत 25,000 रुपयांपेक्षा जास्त मागता येत नाही. त्यावर 'ऐच्छिक देणगी' मागितली तर पावतीवर काय लिहिणार, एवढंच विचारा.