ईसीजी बघून पोटात गोळा आला तो दिवस

देवीच्या नव्या लशीच्या ट्रायलमध्ये मी डॉक्टर म्हणून काम केलंय. देवी तर १९८० मध्येच जगातून गेल्याचं जाहीर झालं, मग लस घेणाऱ्याला रोग होतो की नाही हे बघणार कुठे, त्यामुळे सगळी भिस्त रक्तातल्या अँटिबॉडीजवर आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर. आणि सेफ्टीवर तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, कारण जिचा रोग समोर नाही अशी लस निरोगी माणसाला टोचतोय आपण.

जुन्या पद्धतीची लस म्हणजे दोन टोकांची सुई, १५ वेळा टोचायची, फोड आला की लस लागली. पण त्याच पद्धतीची एसीएएम२००० ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांत हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला सूज साधारण १७५ मध्ये एकाला दिसली होती. आमची नवी लस एमव्हीए, म्हणजे कोंबडीच्या गर्भपेशींत ५०० हून जास्त वेळा वाढवून दुबळा केलेला विषाणू, तो माणसाच्या पेशीत वाढत नाही. तरी हृदय तपासायचंच.

तर पहिल्या डोसनंतर चौदाव्या दिवशी एक तरणाबांड पोरगा रक्त द्यायला आला आणि बाही वर करता करता सहज बोलला, "सर, दोन दिवस छाती जरा जड वाटतेय, व्यायामामुळे असेल." लगेच ईसीजी काढला. चार-पाच लीडमध्ये, म्हणजे ईसीजीच्या चार-पाच रेघांत, एसटी नावाचा भाग वर उचललेला! हृदयाच्या आवरणाला सूज आली की असंच दिसतं, माझ्या तर पोटात गोळा आला. त्याला लस मिळालीय की प्लासिबो, म्हणजे लस नसलेलं नुसतं इंजेक्शन, हे मलाही माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी ते महत्त्वाचंही नव्हतं.

ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्ताची तपासणी, पाठवलं, त्याला झोपवून ठेवलं, आणि नर्स ताईंनी लस द्यायच्या आधीचा त्याचा ईसीजी फाईलमधून काढून शेजारी ठेवला. तीच उचल, त्याच लीडमध्ये, अगदी तेवढीच! तरुण, व्यायाम करणाऱ्या पोरांत ही उचल जन्माचीच असू शकते. तो जुना कागद नसता तर हे कळलंच नसतं. ट्रोपोनिन नॉर्मल आलं, काही तासांनी परत केलं तेही नॉर्मल, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही स्वच्छ.

तरी रिपोर्ट त्याच दिवशी पाठवला, दुसरा डोस थांबवला. "मग माझा डोस बुडणार का?" एवढंच तो विचारत होता. सेफ्टीवाल्यांचा निर्णय आल्याशिवाय नाही देणार म्हटलं, आणि रात्री फोन करून छाती कशी आहे ते विचारलं.