तुम्ही विचारलंत म्हणून: आंबा न बघता आधी पैसे का पाठवायचे?

मार्च लागला की हा प्रश्न येऊ लागतो. फोनवर येतो, व्हॉट्सॅपवर येतो, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरूनही येतो. "तुम्ही पैसे आधी घेता. आम्ही आंबा बघितलेला नाही, तुम्हालाही बघितलेलं नाही. मग विश्वास ठेवायचा तो कशावर?" विचारणारं माणूस बहुधा पुण्या-ठाण्याचं असतं आणि आधी कुठेतरी हात पोळलेले असतात. प्रश्न रास्त आहे. हंगामात बोलायला सवड नसते, म्हणून फोनवर मी दोन वाक्यांत आटपते. इथे नीट सांगते.

आमची देवगड तालुक्यात हापूसची कलमं आहेत. फवारणी, राखण, काढणी घरातले बाकीचे बघतात. गिऱ्हाईक, बॉक्स, कुरियर आणि हिशेब माझ्याकडे. काही माल एका मोठ्या ऑनलाइन बाजारातून जातो, बराचसा व्हॉट्सॅपवरून, उरलेला वाशीच्या घाऊक बाजाराला.

विकणारे सहसा सांगत नाहीत ते आधी सांगून टाकते. हापूस आतून कसा निघेल हे मलाही ठाऊक नसतं. फळ बाहेरून देखणं, रंग आलेला, घरभर दरवळ. आणि कापलं की कोयीलगत पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. हा साका. तो हाताला लागत नाही, नाकाला कळत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठात त्यावर वर्षानुवर्षं काम झालंय. तापलेल्या जमिनीची धग हे त्याचं एक कारण मानतात, म्हणून कलमांखाली पालापाचोळ्याचं आच्छादन करायचं. फळ झाडावर पिकू द्यायचं नाही, चौदा आणे (सोळांपैकी चौदा, म्हणजे पूर्ण पिकायच्या थोडं आधी) तयार झालं की उतरवायचं. काढायचं ते झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, देठ ठेवून, चीक अंगावर न सांडता. एवढं सगळं करून साका कमी होतो. संपत नाही. माझे सासरे एका वाक्यात विषय मिटवतात: "आंब्याच्या पोटात काय आसा ता देवाक ठाऊक."

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा १९७० सालचा एक गाजलेला लेख आहे, जुन्या मोटारींच्या बाजारावरचा. २००१ साली त्यांना दोघांबरोबर विभागून नोबेल मिळालं, त्यामागे हा लेख होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा भीतीपोटी सगळ्याच गाड्यांना मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून उठून जातात आणि मागे खटारे उरतात.

हापूसला हे अर्धंच लागू पडतं. आंबा देवगडचा आहे की बाहेरून आणलेला, कधी उतरवला, कशानं पिकवला, हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं. साका आहे की नाही, हे दोघांनाही माहीत नसतं. पहिल्या बाबतीत तुमची फसवणूक होऊ शकते. दुसऱ्या बाबतीत कुणीही न फसवता तुमचं नुकसान होऊ शकतं. गिऱ्हाईक या दोन्हींकडे एकाच संशयानं बघतं आणि ऑनलाइन बाजारही दोन्हींवर एकच औषध लावतो. माझं सगळं उत्तर या फरकावर उभं आहे.

फसवणुकीचा भाग त्यातल्या त्यात सोपा. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव ठरावीक भागातल्या आंब्यापुरतं राखलं गेलं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात आहेत. २०२५ च्या हंगामापासून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं फळाफळावर युआयडी स्टिकर, म्हणजे प्रत्येकी वेगळा क्रमांक असलेला स्टिकर, लावायला सुरुवात केली. स्टिकरचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवला की तो खरा की बनावट हे पडताळता येतं. मला हे फार आधी व्हायला हवं होतं असं वाटतं. कर्नाटकातला आंबा वाईट असतो असं मी कधीच म्हणणार नाही, चांगला आंबा आहे तो. त्यानं फक्त आमच्या पेटीत आमच्या नावानं बसू नये. बाकी आंबा झटपट पिकवायला वापरतात त्या कार्बाइडवर कायद्यानं बंदी आहेच, आणि मार्चच्या सुरुवातीला, आवक कमी आणि भाव चढे असताना, कुणी निम्म्या दरात 'अस्सल देवगड' देत असेल तर त्याला एकही प्रश्न विचारायची गरज नाही.

पण स्टिकर फळाचं गाव सांगतो. फळाचं पोट तो सांगू शकत नाही. तिथे मग तारे पुढे येतात.

गिऱ्हाइकानं विक्रेत्याला जाहीर शेरा द्यायचा ही पद्धत ईबे या अमेरिकन ऑनलाइन बाजारानं १९९६ साली सुरू केली आणि तेव्हापासून सगळ्या ऑनलाइन बाजारांनी ती उचलली. ती निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पॉल रेझनिक या अमेरिकन संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईबेवरच एक प्रयोग केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. एका मुरलेल्या विक्रेत्यानं जुनी पोस्टकार्डं आपल्या नावावर विकायला ठेवली आणि तशीच पोस्टकार्डं कोऱ्या, नव्या नावांनीही ठेवली. जुन्या नावाला लोकांनी सुमारे ८ टक्के जास्त मोजायची तयारी दाखवली. माल तोच, माणूस तोच, फक्त मागची पुण्याई वेगळी. आठ टक्के म्हणजे थोडे नव्हेत. छोट्या विक्रेत्याचा नफा कधीकधी तेवढाच असतो.

आंब्याचं गणित मात्र पोस्टकार्डासारखं बसत नाही. आम्ही फळ कडक असताना पाठवतो, नाहीतर वाटेत पिचतं. घरी पोचल्यावर ते चार-सहा दिवसांनी खायला येतं. आणि अ‍ॅप बॉक्स दारात पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारतं, "कसा वाटला?" लोक प्रामाणिकपणे लिहितात: "आंबे हिरवे आणि आंबट आहेत." एक तारा. आठवड्यानं तोच माणूस मला फोन करून आणखी पेटी मागतो, पण तारा तसाच राहतो. उलटंही होतं. डबा सुंदर, वेळेत आला, पाच तारे; आतला साका नंतर निघतो तेव्हा लिहायचा कंटाळा. त्यात आमचा हंगाम अडीच महिन्यांचा. ज्याला फसवायचंच आहे तो पुढच्या मार्चात नवं नाव, नवा फोटो घेऊन कोरा होऊन उभा राहतो.

"मग कॅश ऑन डिलिव्हरी ठेवा ना!" हेही नेहमीचं. आपल्याकडे फ्लिपकार्टनं २०१० साली ही सोय आणली आणि ऑनलाइन खरेदीची भीती घालवण्यात तिचा वाटा मोठा आहे, हे मान्य. पण विचार करा, दारात तुम्ही पैसे कशाचे देता? बंद डब्याचे. डबा उघडून, आंबा अढीत घालून, पिकवून, कापून मग कुणी कुरियरवाल्याला पैसे देत नाही. म्हणजे फार तर डबा येईल की नाही एवढीच धास्ती मिटते. आणि घरी कुणी नसलं किंवा मन बदललं, तर ती पेटी मे महिन्याच्या उन्हात गोदामं फिरून आमच्याकडे परत येते. तेव्हा डबा उघडायलाही धीर लागतो. कपड्यांच्या विक्रेत्याला परत आलेला माल पुन्हा विकता येतो, आंबेवाल्याला नाही.

कायदाही आहे. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन बाजारानं विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवायला हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी आणि ती महिन्याभरात निकाली काढायला हवी. विक्रेत्यानं गिऱ्हाईक असल्याचं सोंग घेऊन स्वतःच्या मालाची तारीफ लिहिणं त्यात मना आहे. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबरही चालतो. हे सगळं असावंच. फक्त महिन्याभरात आंब्याची कोय उरते.

तर आम्ही काय करतो? पैसे घेण्याआधीच लिहून पाठवतो की साका निघाला तर काय होईल. साका निघालेल्या फळाचे पैसे परत. कापलेल्या फळाचा फोटो पुरे, फळ परत नको, कारण सांगायला नको. वाटेत पिचलेल्या फळालाही तेच. आंबा आवडला नाही, गोडी कमी वाटली, गेल्या वर्षी जास्त चांगला होता, याला पैसे परत नाहीत, हेही तिथेच लिहिलेलं असतं. आणि हे फुकट नाही, तेही सांगते: किती फळं अशी जाणार याचा अंदाज आम्ही दरात धरलेला असतो. म्हणजे ज्याच्या पेटीत साका निघाला नाही तो दुसऱ्याच्या साक्याचे थोडे पैसे भरतो. काहींना हे ऐकून राग येतो. मला ते लपवण्यापेक्षा सांगणं बरं वाटतं.

यावर घरातून आणि गिऱ्हाइकांकडूनही हमखास येणारा प्रश्न: लोक खोटे फोटो पाठवत नाहीत का? पाठवतात. एकाच फळाचे तीन बाजूंनी काढलेले तीन फोटो तीन फळं म्हणून आलेत. मी एकदा पैसे देते, वाद घालत नाही आणि पुढच्या वर्षी त्या नंबरला यादीत घेत नाही. हजारात चार-पाच खोट्यांना पकडण्यासाठी बाकीच्यांची उलटतपासणी करणं मला महागाचं वाटतं. मोठ्या बाजाराला हे जमत नाही, कारण तिथे पैसे परत द्यायचे की नाही हे मी ठरवत नाही, बाजार ठरवतो. आणि गिऱ्हाइकाचा नंबरही माझ्याकडे नसतो. तिथे लोक माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत, बाजारावर ठेवतात. त्याचं कमिशन मी भरते. पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी तो रस्ता ठीकच आहे, मी कुणाला अडवत नाही.

न पाठवणं, हाही आमच्या व्यवहाराचा एक भाग आहे. एप्रिल-मे मध्ये अवकाळी पाऊस झाला की काही दिवस फळाचा भरवसा नसतो, डाग पडतात, फळमाशी वाढते. तेव्हा पैसे आलेले असले तरी आम्ही कळवतो: या आठवड्यात पाठवत नाही, थांबता का, पैसे परत हवेत? बहुतेक थांबतात. असा नकार मिळालेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी स्वतःहून फोन करतं, हे मी पाहिलंय. पाच ताऱ्यांनी हे मला कधी मिळवून दिलं नाही.

आणि एक गोष्ट शहरातल्या गिऱ्हाइकांना ठाऊक नसते. न बघता विश्वास ठेवणं आम्ही तुमच्या फार आधीपासून करत आलोय. आमच्या पेट्या रात्रीच्या गाडीनं वाशीला जातात. तिथे त्या उघडतात तेव्हा आमच्यापैकी कुणी हजर नसतं. पूर्वी तर रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत, तो बाजूला उभ्या असलेल्यालाही कळत नसे. मागाहून पट्टी येते: एवढ्या पेट्या, हा भाव, एवढा खराब निघाला, हमाली-तोलाई वजा, ही तुमची रक्कम. खराब निघाला की नाही ते कोण बघणार? ज्या दलालाच्या पट्टीवर भरवसा ठेवायचा, त्याच्याकडून बागायतदारानं हंगामाआधी खतं-फवारणीसाठी उचल घेतलेली. म्हणजे त्यालाही आमच्यावर विश्वास ठेवावाच लागतो. दोघांचा पाय एकमेकांत अडकलेला. तुमच्या-माझ्या व्यवहारात तसं काही अडकलेलं नसतं, म्हणून नुकसान कुणाचं हे आधी ठरवावं लागतं.

तेव्हा माझ्याकडूनच घ्या असं मी म्हणणार नाही. कुणाकडूनही घ्या, पण पैसे पाठवण्याआधी बागेचं गाव विचारा, काढणी कोणत्या दिवसाची आहे ते विचारा, आणि "साका निघाला तर?" हे विचारा. "आमच्या आंब्यात साका नसतोच" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पहिल्यांदा पाच डझनांची पेटी मागवू नका, दोन डझनांचा बॉक्स मागवा. आल्या दिवशी उघडा, पिचलेलं असेल तर तेव्हाच फोटो काढा, बाकीचे गवतात एका थरात मांडा, फ्रिजमध्ये घालू नका. साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो आणि तुमचा यूपीआय आयडी पाठवा. पैसे परत घ्यायला पिन लागत नाही आणि कुठला क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही; माझं नाव सांगून कुणी मागितला तरी देऊ नका, फोन ठेवा आणि मला कळवा.