मडगावात बघितलेली पायरी

१६ मे २०२३, मंगळवार. चाचणीची वंदे भारत मुंबईहून मडगावला येणार म्हणून फोंड्याहून निघालो, तर आई म्हणाली, "मीही येते." गुडघे धड नाहीत, पण हट्ट दांडगा.

फलाटावर ही गर्दी! उकाड्याने शर्ट पाठीला चिकटलेला. शेवटी आली एकदाची. पांढरी, निळ्या पट्ट्याची. तोंड सुरमईसारखं निमुळतं. वेगळं इंजिन नाहीच, मोटारी डब्यांच्या खाली.

माझा फोन त्या तोंडावर, आईची नजर दारावर. दाराखालून एक पायरी सरकत बाहेर आली आणि फलाट नि डब्यातली फट बुजली. "बघितलंस?" आईने माझा दंडच धरला. एरवी गाडीत चढताना तिला दोघांनी धरावं लागतं. लोकांच्या पायांमधून वाकून ती पायरी बघत राहिली. (माझ्या व्हिडिओत मात्र कुणाची तरी छत्री.)

३ जूनचं उद्घाटन ओडिशातल्या बालासोरच्या रेल्वे अपघातामुळे रद्द झालं. गाडी सुरू झाली २७ जूनला.

त्या दिवशी परतताना बोरीच्या पुलावर आईने विचारलं, "तिकीट केवढ्याला पडेल रे?"