वीत आणि बोट

माझ्या ड्रमच्या क्लासात मंगळवारच्या बॅचला 9 वर्षांचा एक मुलगा येतो. मागे एकदा तो स्नेअर ड्रमवर इतका जोर काढत होता की शेजारच्या खोलीतली गिटारची पोरं दारातून डोकावून गेली. मी म्हटलं, "हळू वाजव." त्यानं लगेच ऐकलं. आवाज तेवढाच, लय निम्मी. "अरे, हळू!" तो आणखी रेंगाळला. शेवटी काठ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "दादा, याच्याहून हळू वाजवलं तर बंदच पडेल."

त्याचं काय चुकलं? आपल्याकडे हळू म्हणजे सावकाशही आणि हलक्या आवाजातही. पण शब्दाचा घोळ नसता तरी थोडंफार हेच झालं असतं. आवाज कमी करायला गेलं की हात मागे पडतो, जोर लावला की लय पळते. या दोन गोष्टी हातात वेगवेगळ्या व्हायला मला स्वतःला सहा-सात वर्षं लागली.

माझी सुरुवात ताशाची. पुण्यातलं पथक, गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव. पहिल्या वर्षी ढोलच मिळाला. ताशा मिळायला मनगट दाखवावं लागतं. ताशानं इशारा दिला की मागचे सगळे ढोल एकदम हात, म्हणजे ठेका, बदलतात, आणि 16 व्या वर्षी तो इशारा आपल्या हातात असणं म्हणजे काय, हे मिसरूड फुटलेल्या कुणालाही विचारा. तिथे हळूचा प्रश्नच नव्हता. लक्ष्मी रोडवर दोन्हीकडच्या इमारतींवरून आवाज उलटून अंगावर येतो. कानात कापसाचे बोळे घालून आम्ही आणखी जोरात वाजवायचो.

ड्रमसेटवर बसलो तेव्हा वाटलं, काठ्या तर ओळखीच्याच. हात चालले, पाय चालेनात. आजोबांचं एकच म्हणणं, "त्यापेक्षा तबला शिकायचास." ते शोभा गुर्टूंच्या ठुमरीचे भक्त. मी हुकमाचा पत्ता काढला, "त्यांचाच मुलगा ड्रम वाजवतो आजोबा, त्रिलोक गुर्टू. तेही जमिनीवर बसून, जगभर." आजोबा शांतपणे म्हणाले, "तो आधी तबला शिकला." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग ऑर्केस्ट्रा. तिथे मी ऑक्टोपॅडवर, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर. एका पॅडवर ढोलकी, एकावर टाळी, एकावर झांज. तिथला आवाज साउंडवाल्याच्या हातात, त्यामुळे मी कसाही बडवला तरी खपून जायचं. हात बिघडतो तो असा.

खरं शिकलो एका हॉटेलात, शनिवारच्या गाण्यांना. पहिल्याच गाण्यात मॅनेजर टेबलांमधून वाट काढत आला आणि म्हणाला, "लोकांना ऑर्डर देता येत नाहीये." पुढच्या शनिवारी काठ्या घरी ठेवल्या, हलक्या आवाजासाठी तारांचे ब्रश नेले. स्नेअरवरचे घोस्ट नोट म्हणजे कातड्यावर काठी जेमतेम पडावी, ऐकू येण्यापेक्षा जाणवावी. ते मी पुस्तकातून शिकलो नाही, लोकांच्या जेवणात व्यत्यय न आणता शिकलो.

शिकवायला लागलो ते पैशासाठी, खोटं कशाला बोलू. लग्नसराईत मान वर करायला वेळ नाही, पावसाळ्यात फोन वाजत नाही. फी मात्र दर महिन्याला येते. पालकांना ग्रेड हवी असते. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रॉक अँड पॉप परीक्षेत तीन गाणी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकसोबत वाजवायची असतात, आणि ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. परीक्षेचा मला कंटाळा आहे, पण एवढ्या एका गोष्टीसाठी ती मला आवडते.

त्या मंगळवारनंतर मी वर्गात हळू हा शब्द बंद केला. आता फक्त वीत आणि बोट. लय धरून टकटक करणारा मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर, समोर रबरी पॅड. पॅराडिडल, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. चार वेळा काठी वीतभर उचलायची, चार वेळा बोटभर. ठोक्यांमधलं अंतर तेच, फक्त उंची बदलायची. तिसऱ्या आठवड्यात त्या पोराचं बोट आलं आणि लय जागची हलली नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. वीत परत आली तेव्हा मात्र गडी सुटला, मेट्रोनोमच्या पुढे. मी थोडा हसलो.

हसायला नको होतं. यंदा जुन्या मित्रांनी मला सरावाला नदीपात्रात ओढून नेलं. आता ताशाचं पुढारपण एका मुलीकडे आहे, माझ्याहून आठेक वर्षांनी लहान. मी चार हात वाजवले, तर ती ओरडली, "दादा, जेवून नाही आलास का?" सगळे हसले. मग मीही चढवला, मनगटाला जुनं सगळं आठवलं, मागून ढोल उसळले, अंगावर काटा आला. दुसऱ्या आवर्तनात तिनं माझ्याकडे न बघताच आपली एक काठी माझ्या ताशावर आडवी ठेवली.

"पळतोयस," ती म्हणाली.