घड्याळाचा पाळणा

"अगंबाई, घड्याळाला पाळण्यात घातलंस?" वॉच वाइंडर, म्हणजे घड्याळ फिरवत ठेवणारं यंत्र, फिरताना बघून आई म्हणाली.

तिला समजावलं. बाबांच्या या जुन्या सिको फाइव्हला सेल नाही, चावीही देता येत नाही. हात हलला की आतलं अर्धगोल वजन फिरतं, स्प्रिंग गुंडाळली जाते. काढून ठेवलं तर साधारण 40 तासांत बंद. मग वार-तारीख लावत बसा!

"त्यांचं नाही रे कधी बंद पडलं."

खरंय. आंघोळ सोडली तर ते कायम मनगटावर. पट्ट्याच्या कड्यांत अजून फळ्यावरच्या खडूची पांढरी भुकटी आहे. मी ती साफ करत नाही.

माझा हात दिवसभर माउसवर. परवा तर हातात असूनच बंद पडलं.

मघाशी वाइंडर बंद करून घड्याळ घातलं. जरा चालून येऊ का?